विहिरीचं पाणी स्वच्छ निघालं, त्यानंतर

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. एका रविवारी अक्का हुबळीहून धारवाडला मळमड्डीतल्या माझ्या खोलीवर आली, पिशवीत विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन. अक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण, जवळजवळ आईच्या वयाची. तेव्हा मी तिथे केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होते.

हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारामागे एका गल्लीत तिचं घर. परसाला लागूनच गॅसबत्तीचे मेंटल बनवणारा एक छोटा कारखाना होता... तेव्हा तो बंद पडला होता. सुती जाळी थोरियमच्या द्रावणात बुडवून वाळवायची, की मेंटल तयार. भांडी धुतलेलं पाणी वर्षानुवर्षं परसात ओतलं जायचं. अक्कानेही तिथे बरीच वर्षं काम केलं होतं. आता तिला सारखा खोकला असायचा.

"सुनेला पाचवा महिना आहे. विहिरीचं पाणी पिते ती. तेवढं तपासून दे," ती म्हणाली.

माझा विषय नेमका हाच होता, थोरियम आणि त्याच्यासोबत सापडणारे दुर्मिळ धातू मातीला कसे चिकटतात. पाणी तपासलं. काही म्हणजे काही नव्हतं... मी आनंदाने माझ्या गाईड सरांना सांगायला गेले.

सर हसले नाहीत. "मग इतक्या वर्षांचं थोरियम गेलं कुठं?" त्यांनी विचारलं.

उत्तर मला पाठ होतं. लाल मातीतल्या लोखंडाच्या कणांवर आणि चिकणमातीवर थोरियम घट्ट बसतं, पाण्याबरोबर सहसा पुढे जात नाही. विहीर मातीने वाचवली होती. म्हणजे सगळं त्या मातीतच होतं.

दुसऱ्याच दिवशी सरांचा किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर घेऊन मी हुबळीला गेले. परसातल्या मोरीपाशी तो कडकड वाजायला लागला. याची मला कल्पना होती... पण मागच्या खोलीत शिरले तरी तो थांबेना.

"ही खोली कशाने लिंपलीस, अक्का?"

"परसातल्याच मातीनं. बाळंतिणीची खोली म्हणून भिंती-जमीन सगळं नवं केलं." ती काउंटरकडे बघत राहिली. "पाण्यात नाही म्हणालीस ना?"

थोरियममधून एक किरणोत्सारी वायू सुटतो, बंद खोलीत तो श्वासावाटे आत जातो, हे तिला कसंबसं सांगितलं. ती खाली बसली. मग उठून सुनेची बॅग भरायला लागली.

सून त्याच दुपारी गदगला माहेरी गेली. लिंपण उकरून भिंतींना सिमेंट केलं, मोरीपाशी काँक्रीट ओतलं. उकरलेली माती कुठे टाकायची, यावर मात्र कुठल्याच सरकारी ऑफिसकडून धड उत्तर मिळालं नाही... शेवटी परसातच खोल पुरून वर फरशी घातली.

नात सुखरूप झाली. अक्का वर्षभराने फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तो कारखान्यामुळे झाला का, हे डॉक्टरांना खात्रीने सांगता आलं नाही. मलाही नाही.

शेवटच्या दिवसांत मी तिच्यापाशी बसायचे. एकदा म्हणाली, "बरं झालं तुला विचारलं." तिने विचारलं ते सुनेसाठी, बाळासाठी. स्वतःच्या खोकल्याबद्दल तिने मला कधीच विचारलं नाही.