सत्यशीलेच्या सुपातला गहू

वाळूजजवळ रांजणगावात माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. कंपनीतली माणसं पीएफचे कागद आणतात, बायका रेशनचे. कुणाचं धान्य कशामुळं अडलंय हे मला ऑफिसातल्या साहेबांच्या आधी कळतं. भांडी घासून घासून बोटांच्या रेषा गेल्या, म्हणून मशीन अंगठा घेत नाही. लेकीचं लग्न झालं, पण तिचं नाव माहेरच्या कार्डातही आहे आणि सासरच्याही. केवायसी राहिली. सर्व्हर झोपला. गाव सोडून सहा वर्षं झाली, तरी रेशनचं दुकान अजून गावचंच. ही कारणं मला तोंडपाठ आहेत. म्हाळसाबाई देवकाते पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मात्र वेगळंच कारण सांगितलं.

"माझा गहू माझी जाऊ खाती," त्या म्हणाल्या आणि खुर्ची मिळायची वाट न बघता खालीच बसल्या.

मी त्यांना मावशी म्हणायला लागले ते त्याच दिवशी. पंचावन्नच्या पुढचं वय, नाकात मोठी नथनी, पदर घट्ट डोक्यावर. त्यांचे मालक बिरू एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. पूर्वी घरची मेंढरं होती. चरायची रानं प्लॉटिंगमध्ये गेली तशी मेंढरं विकली आणि दोघं भाऊ बायका-पोरं घेऊन इकडं आले. धाकटा आदिनाथ, त्याची बायको सत्यशीला. दोन्ही घरं एकाच अंगणात, मध्ये एक पत्र्याची भिंत. त्या पत्र्यातून मावशींना सत्यशीलेच्या घरातलं सगळं ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं नाही त्याचा अंदाज त्या स्वतः बांधायच्या.

झालं होतं असं. पूर्वी सगळ्यांचं कार्ड एकच, सासूच्या नावाचं. सासू वारली. मग दोघी जावांनी एकाच दिवशी, एकाच रांगेत उभं राहून वेगळ्या कार्डासाठी अर्ज दिले. जुन्या कार्डातून सगळ्यांची नावं कमी झाली. सत्यशीलेचं नवं कार्ड दीड महिन्यात ऑनलाइन चढलं. मावशींचं चढलंच नाही. म्हणजे जुन्यात नाव नाही आणि नव्यातही नाही. रेशन दुकानदार साहेबराव दर महिन्याला सांगायचा की मावशी, तुमचा नंबर अजून पडला नाही, पुढच्या महिन्यात बघा. चार महिने तो हेच सांगत होता. त्यात मावशींच्या मुलाला, रामला, कंपनीनं सात महिने भरताच ब्रेक देऊन घरी बसवलेलं. घरात खाणारी चार तोंडं होती आणि बिरूचा एकट्याचा पगार. ज्वारी विकत आणायची, तीही किलो-किलोनं.

हे दुःख खरं होतंच. पण मावशींना ते तेवढं टोचत नव्हतं. टोचत होता तो सत्यशीलेचा गहू.

सत्यशीला दुपारी सूप घेऊन उंबऱ्यात बसायची. घरात अंधार असतो, खडे दिसत नाहीत, म्हणून. मावशींच्या मते ती मुद्दाम बसायची. आतून मावशी सुपाचे झटके मोजायच्या. किती वेळा पाखडलं, किती गहू असेल, किती दिवस पुरेल, सगळा हिशोब तोंडात. संध्याकाळी पत्र्यापलीकडून पोळी भाजल्याचा वास आला की मावशी तव्यावरची भाकरी उगाचच जोरात थापायच्या. एकदा सत्यशीलेनं लेकीच्या हातून डबाभर कणीक पाठवली. मावशींनी डबा तसाच परत धाडला, वर निरोप दिला की आमच्यात ज्वारीच चालती, गव्हानं पोट दुखतं. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा एखादी लढाई जिंकल्यासारखा होता.

मी हसले नाही. कोपऱ्यावरच्या सेंटरवाल्यानं कलर प्रिंटर आणला तेव्हा मला दोन रात्री झोप नव्हती. जळणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

पण मावशींचा संशय लांब गेला होता. त्यांच्या मते सत्यशीलेनं साहेबरावला हाताशी धरून मावशींच्या घरची नावं आपल्या कार्डात घालून घेतली होती. त्या दुकानावर जाऊन चार माणसांत तसं बोलल्यासुद्धा. साहेबरावनं बिचाऱ्यानं सत्यशीलेची पावती काढून वाचून दाखवली. तिच्या घरची तीन नावं, तेवढंच धान्य. मावशी म्हणाल्या, "कागद काय, त्याला लिवावं तसं असतंय."

मी त्यांची पिशवी उलटी केली. अर्ज ठीक होता. जुन्या कार्डाची झेरॉक्स ठीक. मग आधार कार्ड हातात घेतलं आणि थांबले. त्यावर नाव होतं, म्हाळसाबाई राम देवकाते.

"मावशी, राम तर तुमचा मुलगा ना?"

"व्हय."

"मग इथं नवऱ्याच्या जागी त्याचं नाव कसं?"

मावशींनी कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

गावच्या शाळेत आधारचं शिबिर होतं, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मोठी रांग, लाइट जायची-यायची, मशीनवाला घायकुतीला आलेला. त्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव? मावशी गप्प. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, हे त्यांना आईनं शिकवलेलं आणि सासूनं पक्कं केलेलं. आणि यांच्या नवऱ्याचं नाव देवाच्या नावावरून. सगळी मंडळी बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणायची तेव्हा मावशी नुसतं देवाच्या नावानं चांगभलं म्हणायच्या. रानात मेंढरांमागं नवरा लांब गेला तर त्या कुत्र्याला हाक मारायच्या. वाघ्या पळत आला की मागं बघून बिरूला समजायचं, भाकरीचं फडकं सोडलं आहे.

मागं सत्यशीला उभी होती. पण तिला तो मोठा दीर, म्हणजे भाया. भायाचं नाव तीही घेत नव्हती. मशीनवाला पुन्हा ओरडला. मावशी म्हणाल्या, रामचे वडील. त्यानं 'राम' एवढंच ऐकून घेतलं, लिहिलं आणि पुढची बाई बोलावली.

पुढची बाई सत्यशीला. तिला विचारलं तशी ती खणखणीत म्हणाली, आदिनाथ. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. ती घरातही तशीच हाक मारायची. आदिनाथ, पाणी तापलं. आदिनाथ, छत्री घेऊन जा. मावशींनी तेव्हा आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं आणि पुढं वर्षानुवर्षं चार बायकांत तिचा निर्लज्जपणा सांगितला होता.

"म्हंजे," मावशी माझ्याकडं बघत म्हणाल्या, "लाज सोडली तिला गहू, आन् लाज पाळली ती मी उपाशी?"

मी म्हटलं, मावशी, तसं नाही. कार्डात घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. तिचंच आधार जुळत नसेल तर सगळं कार्ड अडतं. नाव दुरुस्त करावं लागेल, शहरात जाऊन. त्यांनी पिशवी आवरली. रामला सांगते म्हणाल्या, आणि गेल्या. पुढचे पंधरा दिवस आल्याच नाहीत. मला वाटतं, चूक आपल्या तोंडातून झालेली आहे हे कळल्यावर त्यांना जावेवर रागावायची सोय उरली नव्हती.

मग एके सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्या पायरीवर बसलेल्या. डोळे सुजलेले. आदल्या दिवशी बिरू ड्युटीवरून घरी आला आणि जेवायला नको म्हणाला. मावशींनी खोदून विचारलं तर कळलं, भावाकडं चहाला थांबला होता, तिथं सत्यशीलेनं गरम पोळी वाढली, त्यानं दोन खाल्ल्या.

"माझा माणूस तिच्या हातची पोळी खाऊन आला," मावशी म्हणाल्या. "वर म्हणतो, मऊ होती. चल, कुठं जायचं तिथं आजच जाऊ."

मला तशीही शहरात, गुलमंडीत खरेदी होती. दुकान सुदर्शनवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, सोपवलं आणि आम्ही रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या आधार केंद्रावर गेलो. बिरू बरोबर होता, रात्रपाळी करून आलेला. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. वॉचमनच्या खाकी शर्टावर घोंगडी असलेला दुसरा माणूस मी वाळूजमध्ये बघितला नाही. केंद्रात गर्दी होती. तो भिंतीलगतच्या बाकावर बसला आणि दोन मिनिटांत मान टाकून झोपी गेला.

रस्त्यात मावशींनी मला दोनदा विचारलं, फॉर्म तूच भरलास ना? मी म्हटलं हो. नाव लिवलंस ना? लिहिलं. मग मला काय बोलायचं नाय ना? मी म्हटलं, नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

खिडकीवर अपेक्षा नावाची मुलगी होती. तिनं फॉर्म घेतला, जुनं कार्ड बघितलं, मग फॉर्म पालथा घातला. म्हणाली, आजी, पूर्ण नाव तुम्ही सांगा. मी मध्ये पडले, सगळं लिहिलंय की. ती म्हणाली, लिहिणारे काहीही लिहितात, नंतर माणसं येऊन माझ्याशी भांडतात. नाव दोनदाच बदलून मिळतं. ज्याचं आधार आहे त्यानं तोंडानं सांगायचं, मी टाइप करणार, मगच सही.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर अपेक्षानं हात वर केला. मागं वीस माणसं खोळंबलेली. कुणीतरी म्हणालं, आजी, आटपा.

"म्हाळसाबाई," मावशी म्हणाल्या आणि थांबल्या.

"पुढं?"

पदराचं टोक मावशींनी बोटाभोवती इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं. मला वाटलं, आता या उठून चालू लागतील, आणि रामला पुन्हा काम मिळेपर्यंत घरात किलो-किलोची ज्वारी येत राहील. मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हटलं, मावशी, सत्यशीलेनं एका दमात सांगितलं होतं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरकले.

"म्हाळसाबाई बिरू देवकाते," त्या म्हणाल्या. पण पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं," अपेक्षा म्हणाली. "नवऱ्याचं नाव मोठ्यानं सांगा."

"बिरू," मावशी म्हणाल्या. रानात लांबच्या माणसाला हाक मारावी, तेवढ्या मोठ्यानं.

बाकावरचा बिरू दचकून उठला. घोंगडी खाली पडली. झोपेतच तो गर्दीतून वाट काढत खिडकीपर्यंत आला आणि बायकोसमोर उभा राहिला.

"काय गं? हाक मारलीस?"

अडतीस वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा नावानं बोलावलं होतं. अपेक्षा टाइप करायची थांबली. मावशींनी पदर नाकापर्यंत ओढला.

"नाय," त्या म्हणाल्या. "बसा तिथंच."

तो बसला, पण पुन्हा झोपला नाही. सगळा वेळ तो खिडकीकडं बघत होता, पुन्हा कधी बोलावणं येईल या आशेनं.

परतीच्या रिक्षात बिरू पुढं ड्रायव्हरजवळ बसला. मावशी माझ्याशेजारी. पदर अजून नाकापर्यंत ओढलेला. मला वाटलं, लाजल्या असतील, किंवा माझ्यावर चिडल्या असतील. मग त्या हळूच म्हणाल्या, "मोनिका, ते कसे धावत आले बघितलंस?"

"बघितलं, मावशी."

"सत्यशीला रोज हाक मारती तिच्या माणसाला. रोज." त्यांनी बाहेर तोंड फिरवलं. "इतकी वर्सं एकटीच हे खात बसली ती. आन् मी गव्हावर जळत बसले."

नवं आधार यायला पंधरा-वीस दिवस लागले, कार्ड ऑनलाइन चढायला आणखी महिना. दिवाळीच्या आधी साहेबरावच्या मशीननं मावशींचा अंगठा घेतला. गव्हाचं पोतं त्या स्वतः डोक्यावर घेऊन आल्या, रामला हात लावू दिला नाही. अंगण ओलांडताना सत्यशीलेच्या दारासमोर त्यांची चाल हळू झाली. सत्यशीला म्हणाली, आला का बाई गहू, बरं झालं. मावशी म्हणाल्या, आला. पण त्या मला सांगत होत्या की म्हणावा तसा आनंद झाला नाही. पत्र्यापलीकडून तेवढ्यात आवाज आला होता, आदिनाथ, कुकर उतरव.

परवा त्या पुन्हा दुकानात आल्या. निराधार योजनेचा फॉर्म हवा म्हणाल्या. मी सांगितलं, मावशी, तुमचे मालक कमावते आहेत, तुम्हाला ती लागू नाही. मग गॅसचं अनुदान? ते झालंय. मतदार यादी? त्यात नाव आहे, मीच बघितलंय. त्या उठेनात. दुकानात दोन बायका थांबलेल्या, त्यातली एक सत्यशीला, वीजबिल घेऊन आलेली. बाहेर लिंबाखाली बिरू पाठमोरा उभा होता.

"आसा एखादा कागद नाय का," मावशींनी माझ्या टेबलाकडं वाकून विचारलं, "ज्याच्यात नाव इचारत्यात?"

मी ड्रॉवरमधून एक जुना कोरा फॉर्म काढला. कशाचा होता तेही आता आठवत नाही. पेन उघडलं आणि विचारलं, मावशी, नवऱ्याचं नाव?

त्यांनी आधी सत्यशीलेकडं बघितलं, मग दाराबाहेर, आणि पाठमोऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाव सांगितलं.