भीमतालहून केलेला फोन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जीभ रेटतेय.

लग्नाला सात वर्षं झाली होती. ठाकुर्लीला फाटकाजवळ दोन खोल्या, मधे पडदा. पलीकडे सासूबाई आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, अलीकडे आम्ही. माझा नवरा सुधीर, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला. घरी आला की आमचं बोलणं म्हणजे रॉकेल मिळालं का, दळण आणलंस का. सात वर्षं एका माणसाशेजारी झोपून त्याचा मोकळा आवाज कसा असतो ते ठाऊक नसावं — असं होतं का कुठे? माझं झालं होतं.

नव्वद साली दसऱ्यानंतर त्याने साठवलेली सगळी रजा काढली. आम्ही स्कूटरवरून निघालो. नाशिक, इंदूर, आग्रा असं करत भीमतालला पोचलो. तिथे तळ्याकाठी एका निवृत्त फौजीने भाड्याचे तंबू लावले होते. एका मुक्कामासाठी थांबलो आणि आठवडाभर राहिलो.

सुधीर तिथे निराळाच झाला. स्टोव्हवर खिचडी करायचा. त्याला चित्रकलेचा मास्तर व्हायचं होतं, हे मला तिथे कळलं. दुपारी उन्हात बसून तो माझ्या केसांतला गुंता सोडवायचा — अगदी हळू, एकेक बट धरून. मी डोळे मिटून बसायचे. हे संपू नये, एवढंच मनात.

तिसऱ्या दिवशी मी चढावरच्या बाजारात बटाटे आणायला गेले आणि ठरल्याप्रमाणे तिथून ठाकुर्लीला, शेजारच्या जोशीकाकूंना फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता.

"बरं झालं केलास! अगं, अप्पांना ॲडमिट केलंय. छातीत दुखतंय. सारखं 'सुधीर आला का' विचारतायत. स्कूटर राहू दे तिथेच, आगगाडीने या."

"हो काकू," मी म्हटलं. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

उतरताना वरूनच तो दिसला. त्याने हात हलवला. मी जवळ जाईपर्यंत — खरं सांगते, जवळ जाईपर्यंत मी सांगणारच होते.

"काय म्हणतायत घरचे?"

"मजेत आहेत सगळे."

उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. मग परवा. असे चार दिवस. ते दिवस कसे गेले? सुखात गेले. हेच तर सांगायला जड जातंय.

सातव्या दिवशी निघण्याआधी त्यानेच फोन केला. अप्पा त्या पहाटे गेले होते. रिसीव्हर ठेवून तो माझ्याकडे वळला.

"काकू म्हणतात, तुला सांगितलं होतं."

"लाइन खराब होती रे. मला नीट ऐकूच आलं नाही."

त्याने विश्वास ठेवला. वर माझीच समजूत काढली — तुझा काय दोष?

आम्ही घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. चुलतभावाने अग्नी दिला होता. सासूबाईंनी सांगितलं, शेवटपर्यंत डोळे दाराकडे होते.

आणि काकू. त्या येईल त्याला म्हणायच्या, "मीच जरा ओरडून सांगायला हवं होतं." माझं 'हो काकू' त्यांनी ऐकलं होतं, तरी त्यांनी स्वतःच्याच कानांवर संशय घेतला. सात वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही एकदा तेच म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोलले.

सुधीर पुन्हा पूर्वीसारखा झाला. दळण, रॉकेल, पगार. माझ्या केसांना त्याने पुन्हा कधी हात लावला नाही.

दरवर्षी अप्पांच्या श्राद्धाला मी पान वाढते. सुधीर हात जोडून उभा असतो. मीही जोडते. आणि त्या क्षणी मला अप्पा आठवत नाहीत. मला ते तळं हवं असतं.