बाटलीवर काय लिहायचं

घनश्याम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीतल्या माझ्या दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. समोर नवरदेवाचे वडील उभे होते, त्यांच्या आत्याचं नाव राहिलं होतं. मी ते नाव घातलं, पत्रिका छपाईला पाठवली आणि खुर्चीत बसले ती बराच वेळ उठलेच नाही. आता काही आठवडे उलटलेत. तरी घाईत एखादी ओळ तिरकी बसली की वाटतं, मागून सर विचारतील, कोणाची गाडी सुटून राहिली?...

सर आम्हाला उपयोजित कला शिकवायचे. कॉलेज म्हणजे हायवेलगतच्या इमारतीतल्या दोन खोल्या, आणि आम्ही सगळी धान पिकवणाऱ्यांची पोरं. तोवर आम्ही जगात नसलेल्या साबणांची नि चहाची पाकिटं रंगवत होतो. शेवटच्या वर्षी सरांनी खरा ग्राहक आणला. लाखनीकडच्या सुनंदाताईंनी जांभळाची वाइन काढायला घेतली होती, त्यांना बाटलीसाठी लेबल हवं होतं. वर्गात आधी टाळ्या पडल्या, मग आम्ही मुली एकमेकींकडे बघायला लागलो. माझे बाबा दिघोरीच्या भजनमंडळात पेटी वाजवतात. आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा कुणी काढत नसे. त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी एका वाक्यात माझं कॉलेज बंद केलं. मी रडले, भांडले, काही उपयोग झाला नाही.

रविवारी सर मोटारसायकलवर दिघोरीला आले. मला वाटलं, वाइन म्हणजे फळाचा रसच, असं काहीतरी सांगून बाबांची समजूत काढतील. बाबांनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "पोरीयले दारूचं काम कायले देता, सर?"

दारूच आहे ती, सरांनी आधी कबूल केलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "माया मोठा भाऊ दारूनंच गेला, भाऊ. ज्या बाटलीनं गेला, तिच्यावर काईच लिहून नोहतं. आत काय आहे, कोणालेच मालूम नोहतं."

सर पुढे म्हणाले, की तुम्ही नको म्हणालात तर हिला दुसरं काम देईन, वर्ष वाया जाऊ देणार नाही. पण एकदा तिला विचारा. बाबा माझ्याकडे वळले. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं... मी म्हटलं, "मले करायचं आहे, बाबा." ते उठून गोठ्याकडे गेले. सोमवारी सकाळी मला बसपर्यंत सोडायला मात्र तेच आले.

लेबलं तयार झाली तेव्हा निम्म्या वर्गानं वर मधोमध 'श्री' लिहिलं होतं. गावात नातलगांच्या लग्नपत्रिका करून करून हात तसाच वळलेला, कोऱ्या कागदावर पहिलं तेच यायचं. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. अडून बसले ते वेगळ्याच गोष्टीवर. दारू तब्येतीला घातक असल्याची सूचना आम्ही खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढी घातली होती. सरांना ती ठसठशीत हवी होती. सुनंदाताई म्हणाल्या, अशानं बाटली औषधाची वाटेल. वाटू द्या, सर म्हणाले. बरीच ओढाताण झाली, शेवटी ताई कुरकुरत तयार झाल्या. त्यांनी माझी जांभळाची फांदी निवडली आणि सूचनेची अक्षरं सरांनी स्वतः काढली. आमच्याइतकंच भावासाठीही त्यांनी ते काम आणलं असावं, असं मला आता वाटतं. त्यांची फार आठवण येते.

सरांच्या तेरवीला बाबा दिघोरीहून आले आणि परतताना दुकानात टेकले. फळीवर त्या वाइनची रिकामी बाटली असते. इतक्या वर्षांत त्यांनी कधी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ती मागून घेतली. सरांच्या अक्षरातली सूचना सावकाश, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचली. मग बाटली गोल फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली.

"तुयं नाव कोठी लिहिलं?"

लेबलावर करणाऱ्याचं नाव नसतं, सरांचंही नाही, असं मी सांगितलं. बाबांनी बाहीनं काच पुसली आणि बाटली परत फळीवर ठेवली, लेबल समोर येईल अशी.