धाकट्याच्या लॅपटॉपमधली झुरळं

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आमच्याकडे त्याचा एकही धड फोटो नव्हता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला फोटो हवा होता, आणि घरात होता तो फक्त ड्रायव्हिंग लायसन्सवरचा. त्यात तो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसत होता. आई म्हणाली, "हा नको. ह्यात तो आपला वाटत नाही."

फोन होता, पण त्याचा पॅटर्न आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. उरला लॅपटॉप.

नोकरी गेल्यापासून भाऊ मांजरी गावात एका गच्चीवरच्या खोलीत एकटाच राहायचा. आई माझ्याकडे, हडपसरला. तूही ये म्हटलं की म्हणायचा, "तुमच्याकडे आधीच दाटी आहे. एकदा नोकरी लागू दे, मग बघू." रविवारी जेवायला मात्र यायचा. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. माझ्या मुलीला चिडवायचा, आईशी राजकारणावरून भांडायचा आणि डबा घेऊन जायचा. त्याने ताप अंगावर काढला. घरमालकाने त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं आणि मला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, आणि पुढे आलाच नाही.

खोली रिकामी करायला मी आणि माझा नवरा गेलो. घरमालक उसाच्या शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी वर आला. "ताई, मानूस लई गुणाचा. कवा आवाज न्हाई का काय न्हाई. निस्ता त्या कंप्युटरसमोर बसलेला असायचा."

खोलीत आत शिरल्याबरोबर एक वास आला. कुबट, गोडसर. मी खिडकी उघडायला गेले तर ती खिळे मारून बंद केलेली. बिछाना भिंतीला लावलेला, त्याच्यासमोर स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. आजूबाजूला नूडल्सची पाकिटं, दुधाच्या रिकाम्या पिशव्या. माझे दोन डबे न धुतलेले. एका दोरीवर मात्र हॅंगरला इस्त्रीचा शर्ट. नवऱ्याने सगळं पोत्यात भरलं. मी लॅपटॉप तेवढा सॅकमध्ये घातला.

घरी आल्यावर तो जेवायच्या टेबलावर ठेवून चार्जरला लावला. आई चष्मा लावून शेजारी बसली, मुलगी मागे उभी राहिली. सुरू झाला. पासवर्ड नव्हता. मी फोटोंचं फोल्डर शोधत होते, तेवढ्यात मुलगी किंचाळली.

बटणांच्या फटीतून एक मिशी हलत होती. मग झुरळ बाहेर आलं, लहान, तांबूस. त्याच्या मागे दुसरं. लॅपटॉप जसजसा तापत गेला तसतशी ती कडेच्या जाळीतून, चार्जरच्या भोकाजवळून, स्क्रीनच्या सांध्यातून बाहेर यायला लागली. टेबलावर पसरली, टेबलाच्या पायांवरून खाली उतरली. मी उठून मागे सरले. नवऱ्याने चार्जर उपटला. आणि रोज सकाळी पंचशील म्हणणारी माझी आई पायातली चप्पल काढून टेबलावर मारत सुटली. दात आवळून. नवऱ्याने लॅपटॉप उचलून बाल्कनीत नेला तेव्हा कुठे ती थांबली. चप्पल हातातच होती.

"असा राहत होता?" तिने मला विचारलं. "तू गेली होतीस ना खोलीवर? असा राहत होता तो?"

"एकटा माणूस, आई. होतं असं."

"एकटा म्हणजे काय? त्याला घर नव्हतं?"

मी टेबल पुसायला फडकं आणलं.

नंतर लॅपटॉप सुरूच होईना. दुरुस्तीच्या पहिल्या दुकानात मी खरं काय ते सांगितलं, तर माणसाने काउंटरवरची सॅक बोटाने माझ्याकडे ढकलली. "मॅडम, हे घरी न्या. माझ्याकडे चाळीस मशीन आहेत." दुसऱ्या दुकानदाराने दुकानाबाहेर फुटपाथवर वर्तमानपत्र पसरलं आणि उकिडवं बसून मागचं झाकण उघडलं. आतल्या पंख्याला चहाच्या भुकटीसारखी घाण चिकटली होती. टाकलेल्या काती होत्या, तपकिरी अंडी होती, चिरडलेली झुरळं होती आणि जिवंतही होती. त्याने झाकण झटकन पुन्हा लावलं.

"चोवीस तास चालू ठेवायचे का हो?"

"माहीत नाही."

"चालू असणार. उबेला येतात ती." तो उठून हात पुसायला लागला. "बोर्ड गेलंय. डिस्कमधलं निघेल बहुतेक. पण आधी ही सगळी मारून आणा. स्प्रे मारू नका आत, नाहीतर तेही निघणार नाही."

म्हणून लॅपटॉप कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घातला, आत झुरळांच्या औषधाचे ठिपके लावले आणि तोंड घट्ट बांधून बाल्कनीत ठेवला. पिशवी आतून सळसळायची. दुपारी सोसायटीत सामसूम झाली की नीट ऐकू यायचं. आईने आपली खुर्ची बाल्कनीच्या दाराशी ओढून घेतली होती. मी म्हणायचे, आत बस, तिथे काय आहे? ती म्हणायची, "उजेड आहे." पण तिच्या हातात ना पेपर असायचा, ना निवडायला भाजी.

त्या दिवसांत मी नीट जेवले नाही. डब्याचं झाकण उघडताना आधी कडा बघायचे. हॉस्पिटल, स्मशान, खोली, या सगळ्यातून मी कशीबशी उभी राहिले होते. पण त्या पिशवीचा आवाज मला सहन होत नव्हता. एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. हळूहळू पिशवी गप्प झाली.

डिस्कमधलं सगळं त्या दुकानदाराने पेनड्राइव्हवर काढून दिलं. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर मी ते एकटीने पाहिलं. फोटो होते, पण माझ्या मुलीचे, आईचे, रस्त्यावरच्या एका कुत्र्याचे. स्वतःचा एकही नाही. शेवटी काही व्हिडिओ सापडले. त्याने मुलाखतीची तयारी करताना स्वतःला रेकॉर्ड केलं होतं. तोच दोरीवरचा शर्ट, मागे भिंत. तो इंग्रजीत स्वतःची ओळख करून देत होता, अडखळत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. एका व्हिडिओत बोलता बोलता त्याच्या बाहीवर एक झुरळ चढलं. त्याने खाली पाहिलंही नाही. दोन बोटांनी ते उडवलं आणि वाक्य पूर्ण केलं. अंगावरचा दोरा झटकावा तसं. मी व्हिडिओ तिथेच थांबवला.

दुसऱ्या एका व्हिडिओच्या शेवटी "थँक यू, सर" म्हणताना तो जरासा हसला होता. त्यातला चेहरा फोटोवाल्याने मोठा करून दिला. थोडा धूसर आला. भन्तेजींनी वंदना घेतली तेव्हा फुलांच्या मागे तोच होता. नातेवाईक म्हणाले, छान फोटो आहे, कधीचा?

पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "हा व्हिडिओतला आहे म्हणालीस. म्हणजे त्याचा आवाज असेल."

मला नाही म्हणवेना. शेजाऱ्यांचा लॅपटॉप पुन्हा मागून आणला आणि झुरळाचा व्हिडिओ वगळून बाकीचे एकापाठोपाठ लावले. आई महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. ती हाताची घडी घालून, मान खाली घालून ऐकत होती. तो म्हणाला, "आय अ‍ॅम वर्किंग इन धिस फील्ड सिन्स ट्वेल्व्ह इयर्स."

"फॉर," आई म्हणाली. "सिन्स नाही. आय हॅव बीन वर्किंग फॉर."

पुढच्या व्हिडिओत त्याने तीच चूक पुन्हा केली. त्याच्या पुढच्यातही.

"दर रविवारी इथे यायचा," आई म्हणाली. "समोर बसून जेवायचा. मला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं मी."

मी बंद करायला हात पुढे केला. तिने तो धरला आणि म्हणाली, "राहू दे. संपू दे त्याचं."