तिसऱ्या प्रकरणात अडकलेली कादंबरी

काचबिंदूने नजर गेली तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी पेपर बंद केला. मग वाचनालयातून आणलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ह्या परत दी. आता दुसरा हाडू नको." आणू नको, एवढंच. रडारड नाही, नशिबाला बोल नाही. बाबांना तसलं काही जमतच नाही.

आमच्या मुलुंडच्या घरात दुपारचं वाचन मी लहान असल्यापासून चालत आलेलं. बाबांना सुट्टी असेल त्या दिवशी जेवणं आटपली की ते खिडकीपाशी खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे आणि आई खाली बसकर टाकून तांदूळ निवडत, नारळ खवत ऐकायची. रिटायर झाल्यापासून तर ते रोजचंच झालं. आईला वाचता येतं, पण तिचं म्हणणं, पुस्तक धरायला हात कोरडे लागतात आणि तिचे कधी नसतात. बाबा आधी गिरणीत होते. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय त्यांना लागली ती कायमची, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही सगळ्या कादंबऱ्या फुकटात ऐकायला मिळायच्या. नजर गेल्यावर हे सगळं थांबलं. बाबा त्याच खुर्चीत नुसते बसून राहायचे आणि आई तिची कामं आत ओट्यापाशी उरकायची. मी चार गल्ल्या सोडून राहते, संध्याकाळी ऑफिसातून येताना डोकावते. ती रिकामी खोली मला बघवेना.

म्हणून मी त्यांना बोलती कादंबरी आणून दिली. मोबाइलची गुळगुळीत काच त्यांच्या बोटांना काही सांगत नाही, तेव्हा मुद्दाम बटणांचा, खिशात मावणारा प्लेअर शोधला. स्वतःचा छोटा स्पीकर असलेला. त्यात एक जाडजूड कादंबरी भरली. चालू-थांब करायचं बटण हाताला लागावं म्हणून न्हाणीघरातल्या आरशावर चिकटवलेली आईची मखमली टिकली काढून त्यावर लावली. बाबांनी अंगठा फिरवून बघितला आणि मान डोलावली.

दोन-चार दिवसांनी विचारलं, कशी आहे?

"बरी आसा," बाबा म्हणाले. "पण लेखकान जरा घाई केल्यान. लग्न झाला नाय अजून आणि हिका दोन पोरां."

मी डोक्याला हात लावला. फायलींना नुसते आकडे दिले होते, आणि प्लेअर पहिला आकडा बघून रांग लावत होता. एकानंतर दहा, मग अकरा, बारा, आणि दोन त्यांच्याही मागे. बाबांनी पहिल्या प्रकरणावरून थेट दहाव्यात उडी मारली होती आणि तक्रार न करता लेखकाला सांभाळून घेतलं होतं. घरी येऊन मी सगळ्या एकेरी आकड्यांच्या आधी शून्य लावलं. शिवाय गाणी उलटसुलट वाजवायची सोय चुकून चालू होणार नाही, एवढं बघितलं. झालं काम, असं वाटलं.

त्यानंतर सुरू झालं ते तिसरं प्रकरण. त्यात नायिका सासर सोडून निघते आणि धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी राहते. मी सोमवारी विचारलं, बाबा म्हणाले, धक्क्यावर आहे. बुधवारी विचारलं, धक्क्यावरच. पुढच्या आठवड्यात विचारलं तरी बाई आपली तिथेच, हातात ट्रंक घेऊन.

"ह्या यंत्र बिघडलाहा," बाबा म्हणाले. "परत परत मागेच जाता."

आता, मी ऑफिसात कॉम्प्युटरच्या तक्रारी घेते. दिवसभर फोनवर माझा पहिला प्रश्न एकच: तुम्ही नेमकं काय दाबलंत? आणि समोरून उत्तरही एकच: काही नाही. इतकी वर्षं हे ऐकून माझा माणसांवरचा विश्वास पार उडाला आहे. तरी बापावर संशय नको म्हणून आधी यंत्रावर घेतला. बंद करताना जागा लक्षात ठेवायची सोय त्यात होती, ती चालू आहे का बघितलं. होती. आतलं मेमरी कार्ड काढून पुसलं, सगळं कोरं करून परत भरलं, कार्डच बदललं. प्लेअर घरी नेऊन मी स्वतः भाजी चिरताना ऐकला. मध्येच बंद केला, सकाळी चालू केला, तर आदल्या रात्री जिथे सोडला तिथून सुरू. माझ्या स्वयंपाकघरात बोट सुटली, बाई पलीकडे उतरलीसुद्धा. तिसरं प्रकरण परत सुरुवातीला लावून मी विजयी मुद्रेने प्लेअर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर बाई धक्क्यावर.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. "बाबा, तुम्ही नक्की काय दाबता?"

"मी कायच करूक नाय."

"मग आपोआप मागे जातंय का ते?"

"माका काय विचारतस? तुज्या ऑफिसात शिकवतत ना? ह्या घेवन जा तू. माका नको."

आई आत भांडी लावत होती. तिने एक टोप जरा जोरात ठेवला. प्लेअर परत न्यायचा म्हणजे परत ती रिकामी खुर्ची, हे मला दिसत होतं. ते होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून सुट्टीच्या शनिवारी मी दुपारीच जाऊन बसले. पापड लाटायला मदत करते, असं आईला सांगितलं. पापड मला लाटता येत नाहीत, हे तिलाही माहीत आहे.

जेवणं झाली. बाबा खुर्चीत बसले, आईने खाली पाट मांडला. म्हणजे बाबांबरोबर तीही ऐकत होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बाबांनी टिकली दाबली. तिसरं प्रकरण सुरू झालं, बाई ट्रंक घेऊन निघाली.

थोड्या वेळाने बेल वाजली. कोळीण आली होती. आई गुडघ्यावर हात देऊन उठली, बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारल्या आणि चोरपावलांनी दाराशी गेली. दारातही कुजबुजतच बोंबील घेतले. इकडे गोष्ट चालूच. ती हात धुऊन परत आली, पाट जरासा सरकला, त्यासरशी बाबांनी मान वळवली.

"खंय गेललंस?"

"खंय नाय. हयच तर आसंय."

बाबांनी चाचपून मागे जायचं बटण दाबलं. तासाभराचं प्रकरण, एकदा दाबलं की थेट सुरुवातीला. बाईने घरातून परत ट्रंक उचलली. मग गावाहून मावशीचा फोन आला. परत ट्रंक. मग दुधाचं पातेलं. पोळपाटावर हात ठेवून मी नुसती बघत बसले. आईला ती ट्रंक पाठ झाली होती. बाई काय बोलणार ते तिचे ओठ आधीच पुटपुटत होते.

"बाबा, तुम्हीच मागे नेता."

 ते रागानेच म्हणाले, "तिच्या कानार पडाक नाय, ता ऐकान मी काय करू?"

"माका खंय सगळा ऐकूक होया?" आई म्हणाली. "तुमी ऐकत ऱ्हवा. तुमचा मोडू नये म्हणान तर मी हळू उठतंय."

मला आठवलं. पुस्तक वाचत असताना बाबा चष्म्यावरून बघायचे. आई उठली की बोट ओळीवर ठेवून थांबायचे, ती बसली की पुढे. आम्ही पोरं त्याला हसायचो. आता ती उठलेली त्यांना दिसत नव्हती. आणि त्यांना त्रास नको म्हणून ती इतकं हळू उठायला शिकली होती की ऐकूही येत नव्हतं. ती परत आली की मगच त्यांना कळायचं की ती नव्हती. किती वेळ नव्हती ते कळायचंच नाही, मग सुरुवातीपासून. हे एवढं साधं आपल्या मुलीला सांगायला दोघांनाही लाज वाटली, म्हणून सगळं खापर यंत्रावर. आणि मी कार्ड पुसत बसले होते.

मी बाबांच्या हातातून प्लेअर घेतला आणि आईच्या पाटाशेजारी ठेवला.

"माका नको," आई मागे सरली. "माका ती बटणां कळूची नाय. मोडला तर?"

"आई, तुझीच टिकली आहे गं ती. उठताना दाब, बसलीस की परत दाब. बाकीच्याला हातच लावू नकोस."

"पीठ लागात त्येका."

"लागू दे."

तिने करंगळीने टिकली दाबली. आवाज थांबला. परत दाबली, बाई बोलायला लागली. आईने बाबांकडे बघितलं, त्यांना दिसत नाही हे विसरून. बाबा मात्र खुर्चीत मागे टेकून बसले.

त्या दुपारी पापड माझ्यामुळे वाकडेतिकडे झाले, पण बोट सुटली. बाई बोटीत बसली, धक्का मागे पडला, आणि तेवढ्यात खालच्या काकू वाटी घेऊन दारात. आईने टिकली दाबली आणि उठली. या वेळी तिने बांगड्या वर सारल्या नाहीत. बराच वेळ दोघी दारात बोलत राहिल्या. बाबांनी घाई केली नाही. खुर्चीच्या हातावर त्यांचं एक बोट टेकलेलं होतं, पुस्तकाच्या ओळीवर ठेवायचे तसंच.

आई परत येऊन पाटावर बसली, पदराला हात पुसले.

"खंय पावली गोष्ट?" तिने विचारलं.

"तू उठलंस थंयच आसा," बाबा म्हणाले.