प्रकाशाच्या पुढे

माझी मोठी बहीण नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. फुफ्फुसाचा कॅन्सर हाताबाहेर गेल्यावर ती गंगापूर रोडला माझ्या घरी राहायला आली. एका दुपारी तिला पेज भरवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ताई, प्रकाशापेक्षा वेगाने कधी जाता येईल का गं?"

ती जरा दम खाऊन म्हणाली, "गणितात एक वाट आहे. यानाच्या पुढची जागाच आकसवायची आणि मागची फुगवायची. पण त्याला उणे ऊर्जा लागते, म्हणजे शून्याहूनही कमी. ती तेवढी कुणाला सापडलेली नाही."

"आणि सापडली तर?"

"तर निघण्याआधीच परत पोहोचता येईल, असं गणित सांगतं. म्हणून तर बहुतेकांना वाटतं, हे होणार नाही."

"मला तुझा खोकला सुरू झाला त्या वर्षात परत जायचंय," मी म्हणाले आणि मला रडू आलं.

तिने माझा हात धरला. "नाही जाता येणार गं. खोटी आशा मी वर्गातसुद्धा कधी दिली नाही."

त्याच आठवड्यात ती गेली. तिच्या उत्तरात कुठे पळवाट सापडते का, म्हणून नंतर मी समजेल तेवढं वाचत राहिले. अजून सापडलेली नाही.