कधी तक्रार केली नाही म्हणे

माझी धाकटी जाऊ गेली. तिसऱ्या दिवशी मंदिराच्या हॉलमध्ये उठावना होता, म्हणजे आपली शोकसभा. तिच्या मुलाने माइक घेतला आणि म्हणाला, "आईने आयुष्यात कधी कशाची शिकायत केली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं.

शिकायत केली नाही म्हणून तर मेली. आठ महिने कणीक मळताना मध्येच थांबून ती छातीखाली कोपर दाबायची. मी बघत होते. विचारलं की म्हणायची, "काही नाही हो वहिनी." मग मी माझ्या गुडघ्यांचं पुराण लावायची आणि ती ऐकत बसायची. त्याचा मला माझाच राग येतो. दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता.

मी जागेवरूनच बोलले, "हे कौतुक बंद कर. तिला दुखत होतं आणि आपण तिला शहाणी म्हणत राहिलो." पुतण्याने माइक खाली ठेवला. मागून एक बाई पुटपुटली, "काकूंचं चालूच असतं."

असतंच. पोह्यात सौंफ जास्त, चहा पाणचट, पंखा खडखडतो. माझी नातसून पुण्याची, इथे ऑफिसात आहे. ती एकदा म्हणाली होती, "आजी, तुमच्यासाठी इंग्रजीत शब्द आहे, क्वेच. सतत कुरकुर करणारा माणूस. ज्यू लोकांच्या यिडिश भाषेतून आलाय." मी चौथी पास. म्हटलं, "एवढ्या लांबून कशाला आणलास? किरकिरी म्हातारी म्हण की."

उठावन्याहून घरी आले तर ही नातसून ओट्याशी वाकून उभी, हात ओटीपोटावर.

"काय होतंय?"

"काही नाही, आजी."

तेच शब्द. मी हातातली पिशवी ओट्यावर आपटली. "किती दिवस?"

"दोन-तीन महिने. पाळी आली की थांबतच नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"सगळे म्हणतात सून समजूतदार आहे. म्हटलं, कशाला..."

"चुलीत घाल ती समजूत. चप्पल घाल आधी."

"थोड्या वेळात मीटिंग आहे, आजी."

"मीटिंग तुझ्यावाचून होईल."

रिक्षात ती हळूच म्हणाली, "तिथे काय काय सांगायचं?"

"सगळं. डॉक्टरीण घाई करायला लागली तर पुन्हा पहिल्यापासून सांग. बाहेर नंबर पुढे-मागे केला, बसायला जागा नाही, पंखा बंद, त्याची कुरकुर मी करते."